द्राक्षाच्या रंगाची गाडी

परवा कारखान्याचा भोंगा झाला आणि काल सकाळी दोरीवरच्या बनियनवर काजळी पडली. म्हणजे उसाचा हंगाम लागला. आमच्या दौंडकडे हंगाम लागला की नाही हे पेपरात बघावं लागत नाही, वाळत घातलेल्या कपड्यावर बघावं. चिपाड जळतं, धुराड्यातून वर जातं आणि काळ्या पिसासारखं तरंगत खाली येतं. फुंकलं तर जातं. चोळलं तर कपडा गेला. माझी बायको कांता असती तर ओट्यावरून ओरडली असती, "अवो, चोळू नका, फुंका!" मी चोळलं. बनियन गेलं. ओरडायला कोणी नाही म्हणून मुद्दाम चोळलं असंही म्हणा, मला काय.

लोकांना हे दिवस हुरड्याचे, गुळाच्या वासाचे, शेकोटीचे. मला ते रंगाचे. मी डेंटर. ठोकून पत्रा सरळ करणं आणि त्यावर रंग मारणं, जन्मभर हेच केलं. गाडीला रंग मारायला थंडीसारखा हंगाम नाही. पावसाळ्यात हवा ओली, रंग सुकता सुकता पांढुरका पडतो. उन्हाळ्यात वारा, धूळ. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, रंग आरशासारखा बसतो. आणि नेमकं तेव्हाच कारखाना पेटतो. चांगली हवा आणि काजळी एकाच वेळी येणार. देवानं माणसाची अशी थट्टा केली असेल तर केली असेल, मी देव मानत नाही, पण थट्टा मात्र झाली आहे.

आमचं पत्र्याचं शेड कुरकुंभच्या रस्त्याला, घराला लागूनच होतं. तिथं काजळीवर उपाय कांतानं काढला. तिच्या जुन्या सुती साड्या पाण्यात भिजवून शेडच्या चारी बाजूंनी टांगायची, खाली जमिनीवर पाणी मारायची. काजळी आली की ओल्या साडीला चिकटणार, आत यायची नाही. साडी वाळली की पुन्हा भिजव. मी आत गन घेऊन गाडीवर रंग मारतोय आणि बाहेर ती बादली घेऊन शेडभोवती फिरतेय. आतून मला तिची सावलीच दिसायची, साडीवरून साडीवर सरकत जाणारी. अजून कधी डोळा लागताना तीच दिसते. नुसती सावली, तोंड नाही.

रंगाचा डोळा तिचा. तो तिनं शिरूरहून आणला होता. तिचा बाप पोळ्याला गावातल्या बैलांची शिंगं रंगवायचा, छकड्यांवर फुलं काढायचा. लहानपणापासून डबे धुऊन धुऊन तिच्या डोळ्यात रंग मुरलेला. कंपनीचा रंग डब्यातून निघतो तसा गाडीला कधी जमत नाही. उन्हात उभी राहिलेली गाडी वेगळी, सावलीतली वेगळी. म्हणून रंग मिसळून जुळवावा लागतो. आमची पद्धत अशी: कांता मिसळायची आणि पातेल्याच्या झाकणावर एक पट्टा ओढायची. मी लांब लिंबाखाली जाऊन उभा राहायचो. ती झाकण गाडीला लावून धरायची. मी म्हणायचो, "न्हाई." ती पुन्हा बसायची, एखादा थेंब निळा, एखादा काळा. पुन्हा झाकण. "न्हाई." असं कधी कधी दुपार जायची. मग एकदा मी म्हणायचो, "हां." काय कमी आहे ते मला कधीच सांगता आलं नाही. आणि कुठं थांबायचं ते तिला. आम्ही दोघं मिळून एक पेंटर होतो. एकटा मी अर्धा, एकटी ती अर्धी. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. दाखवायला पाहिजे होतं की नाही, कोण जाणे.

लान्सर आली ती अशाच दिवसांत. दोन हजार साल उलटून गेलं होतं. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या आणि त्यांच्यातून वाट काढत ती जपानी गाडी शेडपाशी आली. पांढरी, कोरी. आवाज असा की दारात मांजर येऊन बसावं. तिला चालवत होता अभय. शिरूरकडच्या मांडवगण फराट्याच्या बागाईतदाराचा मुलगा, पुण्यात इंजिनियरिंगला. अंगानं किडकिडीत, बोलणं गोड. हातात मासिकातली कात्रणं. जपानमधली पोरं आपल्या पळणाऱ्या गाड्या कशा सजवतात त्यांची चित्रं.

त्या काळात आमच्याकडं गाडी सजवायची म्हणजे काय? मागं पाळण्याच्या दांडीएवढा पंखा. बाजूनं आगीच्या ज्वाळांचे स्टिकर. खाली निळी लाईट. काचेवर 'बाप' नाहीतर 'नाद नाय करायचा'. आमचा शेजारी सलीम, हा शॉकअप आणि स्प्रिंगांचा मेकॅनिक, तो म्हणायचा, "मामा, आमच्या लग्नाच्या घोड्यावर यापरीस कमी सामान असतंय."

अभयलाही तेच पाहिजे होतं. बोट ठेवून सांगत होता, "मामा, मागं हा मोठा स्पॉयलर. बॉनेटवर हे भोक. आणि हे क्रोम सगळीकडनं."

कांता भाकरी थापता थापता उठून आली. हाताला पीठ तसंच. तिनं कात्रणं घेतली, एकेक बघितली आणि एक बाजूला काढलं. त्यात एक गाडी नुसती उभी होती. ना पंखा, ना ज्वाळा.

"ही बघ," ती म्हणाली. "हिच्या अंगावर काय हाय?"

"काहीच नाही, मामी."

"मग इतका वेळ हिच्याकडंच का बघतोयस?"

अभय हसला.

"लग्नात बाई समदे दागिने घालून बसली की दागिने दिसत्यात, बाई दिसत न्हाई," कांता म्हणाली. "तुझी गाडी मुळात देखणी हाय. तिला घालायचं न्हाई. तिचं काढायचं."

सलीम लगेच, "भाभी, गिऱ्हाईक घालवताय मामांचं."

"तू गप. तुझी ती भगुण्याएवढी सायलेन्सरची नळी ठेव तुझ्याजवळ."

काढायचं ठरलं. गाडीची नावं, चिन्हं सगळी काढली आणि त्यांची भोकं पत्र्यानं बुजवून घासून गुळगुळीत केली. बाजूच्या क्रोमच्या पट्ट्या काढल्या. दाराच्या मुठी गाडीच्याच रंगात घ्यायच्या ठरल्या. पुढच्या बंपरची कड मी दोन बोटं खाली आणली, इतकीच की गाडी जरा वाकून बघतेय असं वाटावं. डिकीच्या टोकाला पापणीएवढी वर आलेली कड. चाकावरच्या कमानी आतून हातोडीनं दाबत दाबत बाहेर घेतल्या, म्हणजे रुंद टायर कमानीच्या बरोबर खाली बसावा, ना आत ना बाहेर. सलीमनं स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली. पत्रा ठोकताना मी डोळ्यानं बघत नाही, तळहातानं बघतो. डोळे मिटून हात फिरवायचा. हात कुठं अडला नाही की झालं. त्या गाडीवरून माझा हात पाण्यावरून फिरावा तसा फिरायला लागला तेव्हा मी कांताला हाक मारली. तिनं हात फिरवला. म्हणाली, "आता रंग माझ्यावर आला व्हय?"

आमच्या धंद्यात एक वाईट गोष्ट आहे. काम चांगलं झालं की ते दिसत नाही. बुजवलेलं भोक दिसलं तर ते काम बिघडलं. तेव्हा गाडी रस्त्यावर गेल्यावर आमचं म्हणून काय उरतं? कोणी विचारलं, "कुणी केली रे?" तर मालकानं तोंडानं घेतलेलं नाव. बस. तेवढीच आमची मिळकत. सुतारानं दार केलं तर दारात सुतार दिसतो. डेंटर दिसला तर त्याला चुकार म्हणतात. आयुष्यभर वाकडं सरळ केलं, पण नवं म्हणून काही घडवलं ते त्या एकाच गाडीत. आम्हाला मूलबाळ नाही. हे इथंच सांगून टाकतो, पुन्हा सांगणार नाही.

रंग कोणता, ह्यावर अभय म्हणाला, काळा. सलीम म्हणाला, लाल. कांता शिरूरला भावाकडं गेली होती तिथून तिनं काळ्या द्राक्षांचा एक घड आणला. अजून आंबटच होता. वेलावरून उतरवलेल्या द्राक्षावर एक पांढुरका पडदा असतो. वरून राखेचा, आत जांभळा, कडेला निळा. बोट लावलं की तिथला जातो आणि काळा चकचकीत मणी उघडा पडतो. तो पडदा तिला रंगात पाहिजे होता. मी म्हणालो, डोकं फिरलंय तुझं. ती झाकण घेऊन बसली.

मी लिंबाखाली उभा. "न्हाई." "न्हाई." "न्हाई, कांते, ही राख झाली." "आता वांगं झालं." अभय पायरीवर बसून बघत होता, त्याला कांतानं चहा दिला होता तो गार होऊन गेला. ऊन कलायला लागलं. तिनं झाकण धरलं आणि मला एकदम तहान लागल्यासारखं झालं. द्राक्षच होतं ते.

"हां," मी म्हणालो.

ती झाकण घेऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, "पुन्हा म्हना."

"हां म्हनलं की."

त्या दिवसाइतका सुखी मी नंतर झालो नाही. लग्नातही नव्हतो, लग्नात ताप होता.

ओल्या साड्यांच्या आत मी रंग मारला. बाहेर सावली फिरत राहिली. एक काजळी आत आली नाही. साड्या सोडल्या तेव्हा अभयनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कांताच्या पाया पडला. "मामी, ही गाडी मी कधी बदलणार नाही. कोण विचारेल त्याला सांगेन, दौंडच्या मामा-मामींनी केली." हे त्यानं आपण होऊन म्हटलं. आम्ही मागितलं नव्हतं. न मागता दिलेला शब्द मोडला की जास्त लागतो, कारण त्यासाठी आपण हात पसरलेलाच नसतो.

पुण्यात अशा गाड्यांचं प्रदर्शन होतं. अभय म्हणाला, मामा, या. आम्ही पॅसेंजरनं गेलो. कांतानं इस्त्रीची साडी, मी पांढरा शर्ट. मैदानात गाड्यांच्या रांगा, बहुतेक जपानी, आणि बहुतेकांवर आमच्या दौंडच्याच ज्वाळा, फक्त महागातल्या. आमची गाडी एका टोकाला. तिच्याभोवती माणसं गप्प उभी होती. बाकीच्या गाड्यांपाशी लोक ओरडत होते, इथं गप्प. कांतानं माझ्या बाहीला धरलं. मैदानात धूळ उडत होती, बॉनेटवर बसली होती. माझ्या खिशात फडकं असतंच, ते काढून मी पुसायला लागलो. कांता पदरानं डिकी पुसायला लागली. आपल्या लेकराचं नाक वाहिलं तर बाई कुठं आहोत ते बघते का?

तेवढ्यात माईक घेतलेला एक माणूस आला. भोवती कॉलेजची पोरं, पोरी. अभयला म्हणाला, "अप्रतिम आहे. कुणी केली?"

मी फडकं खिशात घातलं. शर्ट नीट केला.

अभयनं आमच्याकडं बघितलं. मग त्या पोरींकडं बघितलं. "मुंबईला एक स्टुडिओ आहे," तो म्हणाला. "ओळखीतून करून घेतली."

"आणि हे?"

"हे होय? हे आमचे गाडी पुसणारे मामा. खूप जुने आहेत आमच्याकडे."

लोक हसले. वाईट नाही हसले, कौतुकानं हसले, तेच जास्त वाईट. मी कांताकडं बघितलं. ती बोलेल असं मला वाटलं. सलीमला एका वाक्यात गप्प करणारी बाई. तिचा हात डिकीवर थांबला होता. मग तो पुन्हा फिरायला लागला. ती पुसत राहिली.

परतीच्या गाडीत तिनं भाकरी सोडली. "खाऊन घ्या."

"तू बोलली का न्हाईस?"

"लेकराचं तोंड बघितलं का तुमी? कसं पांढरं पडलं व्हतं."

"माझं बघितलंस का?"

ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. उरुळी गेलं, यवत गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, त्या गाडीला आपण पुन्हा हात लावायचा नाही. तू नाही, मी नाही. तो आला तर दार लावायचं. ती म्हणाली, "बरं." मी त्या 'बरं'वर एवढी वर्षं काढली. पोरानं धोका दिला, तो परका होता, परक्याचं काय. घरातलं माणूस माझ्या बाजूला उभं आहे, हे मला पुरत होतं. अभय एकदा मिठाई घेऊन आला होता. मी शेडचं दार ओढून घेतलं. आतून मला कांताचे पाय दिसत होते, बाहेर ओट्यावर. ते जागचे हलले नाहीत. आता वाटतं, मी पायच बघत बसलो, तोंड बघायचं राहिलं.

त्यानंतर दर हंगामाला ती शिरूरला माहेरी जायची. "भावाकडं जाऊन येते." पिशवी नेहमी जड. मी एसटीत चढवून द्यायचो, म्हणायचो, दगड भरलेस का? ती म्हणायची, वहिनीला लोणचं. परत आली की हुरडा आणायची, द्राक्षं आणायची. माहेरून येणाऱ्या बाईच्या केसांना चुलीच्या धुराचा वास असावा. हिच्या केसांना थिनरचा यायचा. मला वाटायचं, माझ्याच हाताचा वास मला येतोय.

गेल्या हंगामाच्या शेवटी कांता गेली. तिच्या जलदान विधीला माणसं जमली, वंदना झाली, जेवणं झाली. सलीम म्हातारा झालाय, दाढी पांढरी. माझ्या शेजारी बसून नाक पुसत म्हणाला, "मामा, भाभीचा हात काय हात व्हता. त्या अभयची गाडी अजून कोरी हाय. दर साली शिरूरला जाऊन जिथं खरचटलं तिथं रंग लावून द्यायची."

मी म्हणालो, "कुणाच्या गाडीला?"

त्याचा चेहरा उतरला. "तुमाला ठावं न्हवतं?"

मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या भावाला, वहिनीला, सलीमला. लोणचं नव्हतं, रंगाचे डबे होते. पोरानं माझं नाव एकदा खाल्लं. हिनं दर वर्षी जाऊन त्याच्यावर रंग लावला. आणि भांडायला समोर कोण? फोटो. फोटोशी भांडून बघितलं आहे मी. फोटो नुसता बघतो. आगगाडीत तिनं बघितलं नव्हतं, आता रात्रंदिवस बघते.

हे सगळं इतके महिने पोटात घेऊन बसलो होतो आणि आज सकाळी अभय आला. लान्सर घेऊन. केस विरळ झालेत, पोट सुटलंय, बोलणं अजून गोड. मी ओट्यावर होतो. ती गाडी मी त्या प्रदर्शनानंतर आज पहिल्यांदा बघत होतो. खरंच बदललेली नाही. ना पंखा, ना पट्टा. पुढची कड तशीच दोन बोटं खाली.

"मामा," तो म्हणाला, "मामींनी बजावलं होतं, तुम्हाला सांगायचं नाही."

"तिनं सांगितलं आन् तू पाळलंस. शब्द पाळता येतो म्हंजी तुला."

तो खाली मान घालून म्हणाला, "मी तेव्हा घाबरलो होतो, मामा. पत्र्याच्या शेडमध्ये केली म्हटलं तर हसतील असं वाटलं."

"हसलेच की."

तो गाडीच्या मागं गेला. मागच्या चाकाकडं बोट करून म्हणाला, "इथं मामींनी शेवटचं केलं. मागच्या वर्षी."

मला जवळ जायचं नव्हतं. मी लिंबाखाली गेलो. शेड विकलं तरी लिंब घरामागंच आहे. तिथून बघितलं. मागच्या कमानीवर हातभर तुकडा. दुसऱ्या कोणाला वेगळा दिसला नसता. बाकी गाडी द्राक्षाची, आणि तो तुकडा निळसर. एखादा थेंब जास्त पडलेला. शेवटच्या वर्षी तिच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, सगळं पिवळं दिसतं म्हणायची. त्या पिवळ्याला मारायला तिनं निळा घातला असणार. भावाच्या अंगणात झाकण धरून बसली असणार. आणि लांब उभं राहून सांगणारं कोणी नव्हतं. भाऊ म्हणाला असेल, छान आहे. हा म्हणाला असेल, छान आहे मामी. छान म्हणणारे सगळे. मी होतो दौंडला, दार लावून. मला एकदा विचारलं असतंस, कांते. शिव्या दिल्या असत्या, अन्न टाकलं असतं, पण लिंबाखाली जाऊन उभा राहिलो असतो.

"न्हाई," मी म्हणालो.

"काय नाही, मामा?"

त्याला सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि जिला सांगायचं तिनं मला न विचारताच सगळं उरकलं. कारखान्याकडून वारा आला. काजळी उतरायला लागली, बॉनेटवर, टपावर, त्या हातभर तुकड्यावर. अभय खिशातून रुमाल काढायला लागला.

"चोळू नको," मी म्हणालो. "रंग खराब होईल."

मग मी गेलो. वाकलो. त्या तुकड्यावरची काजळी फुंकून काढली, एकेक, आणि राहिलेली फडक्यानं हलकी टिपली. गुडघे दुखत होते, पण तेवढा तुकडा स्वच्छ केला.

बाकीची गाडी तशीच सोडून मी घरात आलो. ती त्याची त्यानं पुसावी.